लाभ

शंकरपटाच्या रात्री, लाखांदूरच्या पलीकडे,
धान कापलेल्या बांधीत मंडप.
नाटक साडेअकराला उघडलं, साडेचारला पडदा पडला,
आणि मी सगळं एकाच फाईलमध्ये घेतलं.
शहाणा असतो तर अंकागणिक तोडलं असतं.

आठव्या दिवशी ऋषी रामटेके सायकलवर आले,
कॅरिअरला क्लॅरोनेटची पेटी, सुतळीनं बांधलेली.
"चवथ्या अंकात मी निजलो म्हन्ते मालक.
पाचशे कापले.
तुमच्या मशीनमंदी असंल ना जी, मी जागा होतो थे?"

असणारच. पण मशीन
तीन तास सहा मिनिटं चोवीस सेकंदांपर्यंत नीट चालायचं,
मग विचारलं, कुठं आहोत,
तर म्हणायचं, उणे दोन अब्ज.
सुरुवातीच्याही मागे. तिकीटबारी उघडायच्या आधी,
बांधीत धान उभं असताना कधीतरी.

दोष फाईलचा नव्हता. ती पडून होती धडधाकट.
दोष खालच्या लायब्ररीत, जिला
दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख
त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस
यापुढचा आकडाच ठाऊक नाही.
लिहिणारी कंपनी बुडाली. रेकॉर्डर दुसरी लायब्ररी घेत नाही.
ऋषीजींना मी हे समजावलं.
ते म्हणाले, "म्हंजे थो बी निजला."

दोन रात्री मी तिच्याशी भांडलो.
तिसऱ्या दिवशी समोरच्या अंगणात
मन्साराम दोनाडकर धान मोजत होता.
पहिल्या मापाला तो एक म्हणत नाही,
लाभ म्हणतो. मग दोन, मग तीन,
आणि वीस झाले की बाजूला एक खडा
आणि पुन्हा लाभ.
त्याला विसाच्या पुढं जावंच लागत नाही.
खळं केवढंही असो.

मी चहा तसाच ठेवून आत गेलो.

आता लायब्ररीला काहीच विचारत नाही, कुठं आहोत म्हणून.
उडी मारायला सांगत नाही.
फक्त म्हणतो, पुढचं एक माप दे,
आणि मोजतो माझं मी:
एका खणात मापं, दुसऱ्या खणात खडे.
मशीनचीही मोजणी शून्यापासून,
त्या शून्याला मी कोडमध्ये नाव दिलं: लाभ.
हे दुरुस्त करणं नव्हे. ती चूक अजून तिथंच आहे,
बांधावरच्या वारुळासारखी; मी पाऊल जरा बाजूनं टाकतो.

दोन छत्तीस ओलांडले. आवाज आला.
कुणीतरी खोकलं, जनरेटर, शेंगावाला,
तिसरा अंक, मध्यंतर.
ऋषीजी खुर्चीच्या काठावर.
पावणेचार. कुंदाबाईंचं पद.
त्याआधी क्लॅरोनेटची ओळ यायची असते.

आली नाही.
तबला एक आवर्तन थांबला, मग आणखी एक.
मग कुंदाबाईच गुणगुणल्या ती ओळ,
तोंड मिटून, क्लॅरोनेटच्याच सुरात, थोडी खाली,
आणि जणू असंच लिहिलेलं होतं तसं पद उचललं.
प्रेक्षकांतून टाळी. कुणालाही कळलं नाही,
मालकाखेरीज.

ऋषीजी काही बोलले नाहीत.
सुतळीची गाठ चाचपत राहिले.
मग म्हणाले, "इतके वर्षं झाले,
मले वाटे थे ओळ माह्याबिगर होतच नाई."
आणि जरा वेळानं, "मांगं घ्या जी. अजून एकडाव."

मागं जाता येत नाही, मी सांगितलं.
हे फक्त पुढं चालतं. पुन्हा ऐकायचं
तर पहिल्यापासून मोजत यावं लागेल,
साडेचार मिनिटं.

त्यांनी पेटी मांडीवरून खाली ठेवली.
"मोजा," म्हणाले.